स्मरणाची बाजू

पाठांतर वाईट आणि समजून घेणं चांगलं, हे आपल्याकडे गेल्या तीस वर्षांत इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते कुणी तपासूनही पाहत नाही. बारावी संपवून पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींच्या कानावर पहिल्याच आठवड्यात तेच पडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांसाठीच्या कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. अशा स्वागताच्या कार्यक्रमांत कुणी ना कुणी वक्ता मुलांना सांगतोच की, शाळेत घोकलंत ते पुरे झालं, इथे घोकायचं नाही; संकल्पना समजून घ्या, बाकीचं आपोआप येईल.

घोकायचं नाही, इथपर्यंत मी त्या वक्त्याच्या बरोबर आहे. ‘आपोआप येईल’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. समजलेली गोष्ट आपोआप टिकत नाही, आपोआप हाताशी येत नाही आणि आपोआप नव्या प्रश्नाला लागूही पडत नाही. त्यासाठी एक वेगळं काम करावं लागतं आणि ते काम शिकवावं लागतं. ते कुणी शिकवत नाही, म्हणून पहिल्या सत्राच्या निकालात कित्येक मेहनती मुलं होरपळतात. अभ्यासिकेत रोज सहा-सहा तास बसूनही केटी लागलेला मुलगा स्वतःविषयी एकच निष्कर्ष काढतो, की आपली बुद्धीच कमी पडते. हा निष्कर्ष बहुधा खोटा असतो. त्याला तो काढायला लावणाऱ्या मताचं खंडन करणं म्हणूनच मला गरजेचं वाटतं.

प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. रवींद्रनाथांनी १९१८ साली ‘तोताकाहिनी’ लिहिली. राजाच्या हुकमाने एका पक्ष्याला शहाणं करायला घेतात, त्याच्यासाठी सोन्याचा पिंजरा घडवतात, पोथ्यांच्या नकलांचे ढीग रचतात आणि पानंच्या पानं त्याच्या चोचीत कोंबत राहतात. शेवटी पक्षी मरतो. पाठांतराविरुद्ध याहून जळजळीत काही लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. १९९३ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने केंद्र सरकारला ओझ्याविना शिक्षणाविषयीचा अहवाल दिला. मुलांच्या पाठीवरच्या दप्तरापेक्षा न समजण्याचं ओझं अधिक भारी आहे, हे त्या अहवालाने देशाला सांगितलं. पुढे २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. घोकंपट्टीपासून सुटका हे दोन्हींचं घोषित उद्दिष्ट आहे. आणि या सगळ्याला रोजचं वास्तव दुजोराच देतं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवायच्या, फिरून फिरून येणारे प्रश्न काढायचे, त्यांच्या तयार उत्तरांच्या झेरॉक्स आणायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या डोक्यात कोंबायच्या, या पद्धतीने पदव्या मिळतात हे कुणीही नाकारू शकत नाही.

प्रतिपक्षाच्या हाती प्रयोगाचा पुरावाही आहे. जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ साली एक छोटा उतारा लोकांना ऐकवला. तो होता कपडे धुण्याविषयी, पण नुसत्या शब्दांवरून विषय कळू नये असा लिहिलेला. ज्यांना विषय आधी सांगितला होता त्यांना उताऱ्यातलं जवळपास दुप्पट आठवलं. ज्यांना ऐकून झाल्यावर विषय सांगितला, त्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. म्हणजे अर्थ लागल्यावाचून स्मरण नीट होत नाही, हे सिद्ध आहे. त्यावर माझा वाद नाही.

पण यातून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि तर्काच्या अगदी प्राथमिक पायरीवर चुकतो. धूर असेल तिथे अग्नी असतो. म्हणून अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. आपल्या नैयायिकांनी यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देऊन ठेवला आहे : त्यात अग्नी असतो, धूर नसतो. आकलनाशिवाय स्मरण नाही हे कबूल केलं, तरी आकलन झालं की स्मरण झालंच, हे त्यातून निघत नाही. आपण मात्र नेमकी हीच उडी मारली आहे आणि तिच्यावर अख्खी अभ्यासाची शिकवण उभी केली आहे.

आता हे एका ठिकाणी जवळून पाहू. समजा, निफाड तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरातली एक मुलगी नाशिकला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र घेऊन बसली आहे. प्रकरण आहे मागणीच्या लवचिकतेचं. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना रुजवली, तेव्हापासून ती जगभरच्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे. किंमत शेकडा अमुक बदलली तर मागणी शेकडा किती बदलते, याचं ते गुणोत्तर. पुस्तकात उदाहरण दिलं आहे : शंभर क्विंटल माल दोन हजार रुपये भावाने गेला तर दोन लाख रुपये आले. पुढच्या वर्षी पीक चांगलं आलं, एकशेवीस क्विंटल झालं, पण भाव बाराशेवर आला. हाती पडले एक लाख चव्वेचाळीस हजार. पीक वाढलं आणि उत्पन्न घटलं. या मुलीला ते वाचताना नवं काही वाटतच नाही. लासलगावच्या बाजार समितीत लिलावाच्या रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर बसून तिने ते पाहिलेलं आहे. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही, फोडणीला त्याची जागा घेणारं दुसरं काही नाही, आणि लाल कांदा चाळीत साठवून भाव चढायची वाट पाहता येत नाही, हे तिला कुठल्याही पुस्तकाआधी ठाऊक आहे. (हे निरीक्षण तसं फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंटने १६९९ साली धान्याचं कोष्टकच छापलं होतं : पीक एक-दशांशाने कमी आलं, तर भाव तीन-दशांशाने चढतो.) ती प्रकरण वाचते, पिवळ्या हायलायटरने ओळी रंगवते, प्रत्येक वाक्य तिला पटतं. प्रकरण समजलं, अशी तिची खात्री होते. ती खात्री प्रामाणिक आहे.

आता तिला पुस्तक मिटायला सांगा. कोरा कागद द्या. मागणीची एक सरळ रेषा काढ म्हणावं, म्हणजे किंमत आणि मागणी यांची बेरीज नेहमी दहा येईल अशी. मग विचारा : या रेषेवर लवचिकता सगळीकडे सारखी आहे का? ती म्हणेल, हो. रेषा सरळ आहे, उतार बदलत नाही, मग लवचिकता कशी बदलेल? उत्तर चूक आहे. किंमत आठ आणि मागणी दोन असते तिथे लवचिकता ४ येते. दोन्ही पाच असतात तिथे १ येते. किंमत दोन आणि मागणी आठ असते तिथे ती ०.२५ वर उतरते. उतार तोच, पण टक्केवारी कशाच्या प्रमाणात काढायची तो पायाच प्रत्येक ठिकाणी बदलतो. हे त्याच प्रकरणात, आकृतीसह, दोन पानं पुढे दिलेलं होतं. तिने ते वाचलं होतं, रंगवलंही होतं. पुस्तक मिटेपर्यंत तिला कळायला काही मार्गच नव्हता की तिच्या डोक्यात उतार आणि लवचिकता एकच होऊन बसले आहेत.

आणि परीक्षेत प्रश्न येतो तो आणखी तिसऱ्याच वळणाचा : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातल्यावर देशातला भाव कोसळला, तो लवचिकतेच्या कल्पनेने समजावून सांगा. इथे परदेशी जाणारा माल देशातल्या अलवचीक मागणीवर येऊन पडतो, हे तिचं तिलाच उभं करायचं आहे. पुस्तकातलं वाक्य ओळखीचं असून उपयोग नाही. व्याख्या, आकृती आणि कारणं तिला स्वतःहून, कुणी समोर न धरता, बाहेर काढता आली पाहिजेत. रस्त्यात माणूस भेटला की चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तशी तिची गत होते.

वाचताना येणारी ओळखीची भावना आणि खरं येणं यांत अंतर किती असतं, हे मोजलं गेलेलं आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली १२० विद्यार्थ्यांना दोन छोटे उतारे वाचायला दिले, एक सूर्यावरचा आणि एक समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. एक उतारा प्रत्येकाने दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग उतारा काढून घेतल्यावर आठवेल तेवढा कागदावर उतरवला. चुका कुणी दाखवल्या नाहीत, उतारा पुन्हा दिला नाही. पाच मिनिटांनी तपासलं तर दोनदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं आणि एकदा वाचून एकदा आठवलेल्यातलं ५६.

मला या आकड्यांपेक्षा त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगाची एक बाब जास्त बोलकी वाटते. तिथे एका गटाने उतारा लागोपाठ चार फेऱ्या वाचला, तर एका गटाने एकच फेरी वाचून तीनदा आठवला. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असं विचारल्यावर सर्वांत जास्त आत्मविश्वास चार फेऱ्या वाचणाऱ्यांना होता. प्रत्यक्षात सर्वांत मागे तेच पडले : ४० टक्के विरुद्ध ६१. वारंवार वाचल्याने मजकूर गुळगुळीत होतो, आणि तो गुळगुळीतपणाच वाचणाऱ्याला ज्ञान वाटायला लागतो. आपल्या अभ्यासिकांतून रात्री उशिरा समाधानाने बाहेर पडणारी मुलं मला या गटात दिसतात. त्यांच्या कष्टांविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि ते कष्ट असे वाया जावेत याचं दुःखही.

त्याच विद्यापीठातल्या १७७ विद्यार्थ्यांना २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विचारलं होतं की तुम्ही अभ्यास कसा करता. ८४ टक्के म्हणाले, वही-पुस्तक पुन्हा वाचतो. स्वतःच आठवून पाहतो असं सांगणारे निघाले ११ टक्के. नावाजलेल्या विद्यापीठात, निवडून घेतलेल्या मुलांची ही स्थिती असेल, तर आपल्या मुलांना दोष देण्यात काय अर्थ आहे? ही सवय कुणालाच आपोआप लागत नाही.

आता घोकंपट्टीकडे पुन्हा एकदा नीट पाहा. घोकणारा मुलगा काय करतो? ओळीवर डोळे लावून ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. क्षणभर वर पाहतो, अडखळला की लगेच खाली पाहतो. समजून घेणारा मुलगा काय करतो? ओळीवर डोळे लावून ती पुन्हा पुन्हा वाचतो, मान हलवतो, अडलं की मागचं पान उलटतो. आपण या दोघांना परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभं केलं आहे. पण दोघांच्याही समोर पुस्तक उघडं आहे. खरी दुफळी समजणं आणि पाठ करणं यांच्यामध्ये नाहीच. ती पुस्तक उघडं ठेवून केलेला अभ्यास आणि मिटून केलेला अभ्यास यांच्यामध्ये आहे. घोकंपट्टीचा खरा दोष हा नव्हता की ती स्मरणावर भर देते. ती स्मरणाला कामच करू देत नव्हती, हा तिचा दोष होता. आपण तिला हद्दपार केलं आणि तोच दोष नव्या नावाने घरात ठेवला.

या गोंधळाला आपल्या शिक्षक-प्रशिक्षणानेही हातभार लावला आहे. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता आठवत असेल : ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. त्यामागे आहे बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली केलेलं शैक्षणिक उद्दिष्टांचं वर्गीकरण. त्यात ज्ञान सर्वांत खाली येतं, आणि जे खाली आहे ते हलकं, असा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला. मूळ मांडणीत खाली असणं याचा अर्थ पाया असणं असा होता. वरची प्रत्येक पायरी खालच्या पायऱ्यांवर उभी राहते, हेच त्या वर्गीकरणाचं म्हणणं होतं.

यावर प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप मला माहीत आहे : आठवून पाहिल्याने तपशील टिकत असेल, पण खोल विचार त्याने होत नाही, त्यासाठी संकल्पनांचे नकाशे काढावेत, संबंध जोडावेत. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच तो तपासला गेला. कार्पिकी आणि जेनेल ब्लंट यांनी पर्ड्यू विद्यापीठात केलेला हा अभ्यास २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढले, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिला. आठवड्यानंतरच्या परीक्षेत नुसते तपशिलाचे प्रश्न नव्हते. मजकुरात थेट न सांगितलेले, अनुमान करून काढायचे प्रश्नही होते. दोन्हींत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. अंतिम परीक्षा म्हणून संकल्पना-नकाशाच काढायला सांगितला, तरीही तेच पुढे. यात नकाशांची निंदा नाही. तेच नकाशे पुस्तक मिटून काढले तर ते उत्तम साधन आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि मुलं तो फार आत्मविश्वासाने मांडतात : सगळं मोबाइलवर आहे, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता निबंधही लिहून देते; मग डोक्यात कशाला साठवायचं? याचं उत्तर बुद्धिबळाच्या पटावर मिळतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली निष्णात आणि नवख्या खेळाडूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली आणि ती दुसऱ्या पटावर लावायला सांगितली. निष्णात खेळाडू खूपच पुढे होता. मग सोंगट्या कशाही विखुरल्या, आणि त्याची आघाडी जवळपास नाहीशी झाली. त्याची स्मरणशक्ती इतरांहून मोठी नव्हती. त्याच्या डोक्यात डावांच्या हजारो आकृत्या होत्या आणि पट तो त्यांच्यातून पाहत होता. नवख्याला दिसत होत्या सुट्या सोंगट्या. ज्याच्या डोक्यात काही नाही त्याला विचार करायला वेगळी, मोकळी बुद्धी उरते, हा समजच चुकीचा आहे. एका वेळी मनात धरता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये तो आकडा सातच्या आसपास सांगितला, पुढच्या संशोधनाने तो आणखी खाली आणला. पावकी, निमकी, दिडकी ज्यांना पाठ होती त्यांचं मन पाढ्यांत अडकत नसे, हिशेबाच्या पुढच्या पायरीवर जायला ते रिकामं असे. तसंच लवचिकतेचं सूत्र शोधण्यात ज्याचं अर्धं लक्ष जातं, त्याला निर्यातबंदीचा विचार करायला जागाच उरत नाही. आणि यंत्राने लिहून दिलेल्या उत्तरात उतार आणि लवचिकता यांची गल्लत झाली असेल, तर ती पकडणार कोण? ज्याला ते मिटल्या पुस्तकाने येतं, तोच.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. हे प्रयोग परदेशी मुलांवर, बहुतांश त्यांच्याच भाषेतल्या मजकुरावर झाले. मराठी माध्यमातून आलेल्या आणि एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांपुढे बसवलेल्या मुलांना ते कसे लागू होणार? माझ्या मते त्यांना ते अधिकच लागू होतात. इंग्रजी परिच्छेद वाचताना या मुलाची सगळी शक्ती शब्दांचे अर्थ लावण्यात जाते. शब्द सुटले की परिच्छेद सुटला असं त्याला वाटतं, आणि तो पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. मुद्दा काय होता, तो कशावर टेकलेला होता, मागच्या मुद्द्याशी त्याचं नातं काय, हे त्याने स्वतःला विचारलेलंच नसतं. त्याने पान मिटून तो मुद्दा आधी मराठीत मोठ्याने सांगावा. आजीला, मित्राला, भिंतीला, कुणालाही. तसा सांगता आला तर मुद्दा कळला आहे, आता उरला आहे तो भाषेचा प्रश्न. मग तोच मुद्दा मोडक्या-तोडक्या का होईना, पण स्वतःच्या इंग्रजीत लिहावा. सांगता आला नाही, तर अडचण इंग्रजीची नव्हती, किंवा निदान एकट्या इंग्रजीची नव्हती, हे त्याला कळेल. आपण इंग्रजीमुळे मागे पडलो, या समजुतीखाली वर्षं घालवणाऱ्या मुलांना हा फरक कळणं फार मोलाचं आहे. या दोन अडचणींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि आज दोन्हींवर एकच औषध दिलं जातं : इंग्रजी संभाषणाचा वर्ग.

परंपरेच्या नावाने या वादात दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जातं, म्हणून थोडं त्याविषयी. वेदपाठाच्या पद-क्रम-जटा-घन या पद्धती म्हणजे घोकंपट्टीचं मूळ, असं एक म्हणतो. तोच खरा अभ्यास, असं दुसरा म्हणतो. त्या पद्धतींचा हेतू एका संहितेचा एकही स्वर न ढळू देता ती पुढच्या पिढीकडे पोचवणं हा होता, आणि शब्दांचा क्रम उलटसुलट करून म्हणायला लावण्याने तो विलक्षण साधला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासमोर ते काम नाही. त्याच्या कामाची परंपरा दुसरी आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन या क्रमातलं मनन सुरू होतं ते ऐकणं संपल्यावर, गुरू समोर नसताना. आणि वाक्यार्थसभेत बसणाऱ्या पंडिताला प्रतिपक्षाचं मत पोथी न उघडता, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच बळाने मांडावं लागे. मगच खंडनाला हात घालता येई.

स्मरणाला वेळेचं गणित असतं, आणि आपल्या सत्रपद्धतीने ते पार बिघडवलं आहे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांत एक हिशेब मांडला : अर्थहीन अक्षरांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढं काम झालं, तेवढंच तीन दिवसांत मिळून ३८ फेऱ्यांत झालं. अंतर ठेवून केलेल्या अभ्यासाचा हा लाभ पुढच्या शेकडो प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. सत्र असतं जेमतेम पंधरा आठवड्यांचं. त्यातले पहिले तीन प्रवेश, वसतिगृह आणि जातीच्या दाखल्यांच्या धावपळीत जातात, मधले इंटर्नल आणि स्नेहसंमेलनात, आणि पोर्शन संपतो तो परीक्षेच्या दारात. ज्या मुलाने जुलैमध्ये शिकवलेलं ऑगस्टमध्ये आणि मग सप्टेंबरमध्ये पुस्तक मिटून आठवलं नाही, त्याला नोव्हेंबरमध्ये ते नव्यानेच वाचावं लागतं. त्या वाचनाला तो रिव्हिजन म्हणतो, एवढंच.

आठवताना त्रास होतो. अडकायला होतं, कागदावर पाच ओळी उतरतात आणि पुढे काहीच सुचत नाही, आपल्याला काही येत नाही अशी खंत वाटते. उघडं पुस्तक असं कधी दुखवत नाही, म्हणून मुलं त्याच्याकडे परततात. हाच या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि इथेच नव्या विद्यार्थ्याला कुणीतरी वडीलधाऱ्या माणसाने आश्वासन द्यायला हवं असतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये गणिताच्या सरावात हे दाखवून दिलं. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्यांना २० टक्के मिळाले, दुसऱ्यांना ६३. सरावात जो चुकत होता, अडखळत होता, तोच शिकत होता. हे आकडे मला प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पाहायला आवडतील.

हे सगळं मुलांवर सोपवून शिक्षकांनी मोकळं होऊ नये. एकशेवीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचा कागद तपासणं शक्य नाही, असं मला नेहमी ऐकवलं जातं. तपासायचं कारणच नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगातही कुणी काही तपासून परत दिलं नव्हतं. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं द्यावीत. मागच्या तासाला काय झालं ते वह्या-मोबाइल बंद करून प्रत्येकाने कागदावर उतरवावं. मग शेजाऱ्याचा कागद पाहावा, आपल्याकडून काय सुटलं त्यावर खूण करावी, आणि शिक्षकाने फळ्यावर फक्त ती जागा पुन्हा उलगडून दाखवावी जिथे बऱ्याच जणांची पेन्सिल थांबली. या कागदांना गुण देऊ नयेत, ते गोळा करू नयेत, त्यांची नोंद कुठल्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात करू नये. गुण आले की मुलं पुन्हा शेजाऱ्याचं पाहून लिहायला लागतील, आणि कागद आपल्या विस्मरणाचा खरा पुरावा राहणार नाही. पहिल्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यापासून, सगळ्या विषयांत, हे व्हावं. स्वागताच्या कार्यक्रमातलं ते अभ्यासावरचं व्याख्यान वगळून तो वेळ याला दिला तरी चालेल.